आधी पोलाद की आधी मोटार?

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव आणि दुर्ग ही स्टेशने मागे पडली की भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वेळी बंगलोरला एक गृहस्थ शंभरीच्या उंबरठ्यावर उभे होते. त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. धरणे बांधणारा इंजिनियर म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. परंतु या देशात मोटारगाडी तयार व्हावी म्हणून त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर जी खटपट केली, तिची आठवण फार थोड्यांना असते. भिलाईची भट्टी पेटली तेव्हा त्या खटपटीला पंचवीस वर्षे होत आली होती, आणि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न भिलाईशी जवळचे नाते सांगणारा होता. ज्या देशात पुरेसे पोलाद नाही त्याने मोटार करण्याच्या भरीस पडावे काय? आधी पोलाद, की आधी मोटार?

विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूर संस्थानचे. परंतु त्यांची इंजिनियर म्हणून घडण झाली ती महाराष्ट्रात. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून ते इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाले. नाशिक आणि खानदेश ही त्यांची पहिली कार्यक्षेत्रे. धुळे भागात पांझरा नदीवर दातर्तीजवळ पाटाचे पाणी नळातून नदीपार नेण्याचे अवघड काम त्यांनी अगदी तरुणपणी पार पाडले. पुढे सिंधमधील सक्कर शहराचा पाणीपुरवठा त्यांनी उभा केला. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी १९०३ साली आपोआप उघडणारी दारे बसविली. पाणी ठरावीक उंचीपर्यंत चढले की दारे आपली आपण उघडत, आणि पूर ओसरला की मिटत. धरणाची भिंत न उंचावता जास्त पाणी साठविण्याची सोय त्यामुळे झाली. नीरा कालव्यावर पाण्याच्या वाटपासाठी त्यांनी जी ब्लॉक पद्धत घालून दिली, तिने दख्खनच्या बागायतीला शिस्त लागली.

या सर्व कामांत एक सूत्र दिसते. हाताशी जे साधन आहे त्याचा पुरेपूर उपयोग कसा करता येईल याचा हिशोब हा मनुष्य आधी कागदावर मांडी, आकडे तपासून पाही, आणि मगच कुदळीला हात घालू देई. १९०८ च्या सुमारास त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. म्हैसूरचे चीफ इंजिनियर आणि नंतर १९१२ ते १९१८ पर्यंत तेथील दिवाण म्हणून त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना. हा कारखाना डबघाईस आला असता १९२३ साली त्याची सूत्रे विश्वेश्वरय्यांकडे देण्यात आली. जवळपास दगडी कोळसा नव्हता. जंगलातील लाकडाचा कोळसा वापरून लोखंड गाळावे लागे. अशा स्थितीत काही वर्षे खपून त्यांनी तो कारखाना सावरला. १९२७ पासून ते टाटांच्या पोलाद कंपनीचेही संचालक झाले. तेव्हा मोटारीच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनात आला तो लोखंडाची आणि पोलादाची अडचण न जाणणाऱ्या एखाद्या हौशी माणसाच्या मनात यावा तसा आला नव्हता. भट्टीजवळ उभे राहून तिचा जमाखर्च त्यांनी पाहिला होता.

त्या काळी हिंदुस्थानच्या रस्त्यांवर मोटारी नव्हत्या असे नाही. मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली कारखाना काढला होता, आणि फोर्ड कंपनीचेही कारखाने येथे निघाले. पण या कारखान्यांत गाडी तयार होत नसे. तिची केवळ जुळणी होई. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग येथे एकमेकांस जोडावयाचे, रंग द्यावयाचा आणि गाडी विकावयाची, एवढेच त्यांचे काम. कामगाराला पाना फिरविणे येई. परंतु इंजिनाचा ठोकळा कसा ओततात, दंतचक्राला दाते कसे पाडतात, स्प्रिंगेच्या पोलादाला पाणी कसे देतात, यांतले काहीच त्याच्या हाती लागत नसे. गाडीच्या किमतीतला मोठा भाग देशाबाहेर जाई आणि तिच्याबरोबर जी विद्या यावयाची ती बाहेरच राही.

१९३४ साली विश्वेश्वरय्यांनी ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाच्या उद्योगधंद्यांची वाढ ठरावीक मुदतीत, आखलेल्या योजनेने करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या योजनेतील एक कलम म्हणून मोटारीच्या धंद्याकडे ते वळले. १९३५ साली त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा केला आणि तेथील मोटारींचे मोठमोठे कारखाने पाहिले. परत आल्यावर मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची तपशीलवार योजना त्यांनी १९३६ साली पुढे मांडली. तिचे भांडवल सुमारे सव्वादोन कोटी रुपये धरले होते. ज्या वयात माणसे निवृत्तिवेतन मोजत देवधर्म करतात, त्या वयात हा गृहस्थ यंत्रांच्या किमती, सुट्या भागांच्या याद्या आणि जकातीचे दर मांडीत बसला होता.

या योजनेवर घेतला जाणारा ठळक आक्षेप म्हणजे प्रारंभी सांगितलेला प्रश्नच होय. मोटारीस लागणारे पातळ पत्रे, उंची मिश्रपोलाद, बेअरिंगे, विजेची साधने यांपैकी फारसे काही येथे होत नाही, गिऱ्हाईकही थोडे, मग कारखाना काढून उपयोग काय? विश्वेश्वरय्यांची विचारसरणी याच्या नेमकी उलट होती. एका गाडीत हजारो भाग असतात. काच, रबर, कातडे, रंग, बॅटरी, ओतीव काम, घडीव काम असे कितीतरी धंदे तिच्या पाठोपाठ येतात. एकदा गिऱ्हाईक उभे राहिले की हे भाग करणारी माणसे उभी राहतील. परंतु गिऱ्हाईकच नसेल तर उत्तम पोलाद कोण आणि कोणासाठी काढणार? पोलाद नाही म्हणून मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणून पोलाद नाही, हे चक्र कोठे तरी तोडावे लागते, आणि ते तोडण्यासाठी काही वर्षे सरकारचा आधार लागतो. इंग्लंड-अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांनी आपले धंदे याच रीतीने वाढविले होते.

या कामात त्यांना जोडीदार मिळाला तो सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या एका जैन व्यापारी घराण्यात झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन त्यांनी आपल्या उद्योगास आरंभ केला आणि १९१९ साली सिंदिया कंपनीच्या रूपाने परकीय आगबोटींच्या मक्तेदारीला आव्हान दिले. विश्वेश्वरय्या मितभाषी, कागदावर विश्वासणारे, शिस्तीचे कडक. वालचंद धाडसी, घाईचे, नकार ऐकण्याची सवय नसलेले. एकाने आराखडा करावा आणि दुसऱ्याने त्यासाठी दारे ठोठवावीत, अशी ही जोडी होती.

१९३७ च्या जुलै महिन्यात मुंबईस बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. एखाद्या प्रांतिक सरकारने अशा योजनेकडे सहानुभूतीने पाहावे असा हा पहिलाच योग. भागीदारांना भांडवलावर ठरावीक व्याज मिळण्याची हमी सरकारने द्यावी, म्हणजे लोक पैसे गुंतविण्यास धजतील, अशी कल्पना पुढे आली आणि मंत्रिमंडळ तिला अनुकूल झाले. योजनेचे भाग्य उजळणार असे दिसू लागले. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले. हिंदी लोकमत न विचारता हिंदुस्थानला त्या युद्धात ओढले गेले म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी नोव्हेंबरात राजीनामे दिले, आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. राजीनामा तत्त्वाचा होता; परंतु मोटार-योजनेचे मुंबईतील पाठबळ त्याच दिवशी गेले.

वालचंद त्या सुमारास अमेरिकेत होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्याशी त्यांचे जमले नाही. तिसरी मोठी कंपनी क्रायस्लर. तिच्याशी मात्र १९४० साली करार झाला. आता उरली होती ती हिंदुस्थान सरकारची संमती आणि यंत्रे आणण्यासाठी लागणारे डॉलर. दिल्लीचे उत्तर नकाराचे होते. युद्धाच्या काळात मोटारींचा कारखाना उभारणे ही युद्धप्रयत्नांना उपकारक गोष्ट आहे, असे सरकारला वाटले नाही. म्हैसूर संस्थानने या कारखान्यात भाग घेण्याची तयारी दाखविली होती. तोही बेत वरिष्ठ सरकारच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला. नवल असे की याच वर्षांत सैन्यासाठी मोटारगाड्या आणि ट्रक हजारोंनी परदेशांतून आणले जात होते. देशाला गाड्या नको होत्या असे नव्हे. गाड्या करणारा हिंदी कारखाना राज्यकर्त्यांना नको होता.

या कहाणीतला खरा उपरोध विमानाचा आहे. अमेरिकेच्या त्याच प्रवासात वालचंदांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि विमानाचा कारखाना काढण्याची कल्पना निघाली. जपानच्या हालचालींमुळे पूर्वेकडे युद्धाची छाया पडू लागली होती. म्हणून हिला मात्र परवानगी मिळाली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली, आणि १९४१ साली अमेरिकेहून आलेल्या भागांची जुळणी करून तेथून पहिले शिकाऊ विमान उडाले. मोटार करण्याची ज्या देशाची पात्रता नव्हती, त्याने विमान करण्यास हरकत नव्हती! पोलाद, कुशल कामगार, पूरक धंदे यांच्या अभावाची जी कारणे मोटारीस लागू होती, ती विमानास अधिकच लागू होती. पण राज्यकर्त्यांची निकड निर्माण होताच ती कारणे आड आली नाहीत. ‘आधी काय’ हा प्रश्न नेहमीच अर्थशास्त्राचा नसतो. पुष्कळदा तो सत्तेचा असतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

विश्वेश्वरय्यांनी या काळात स्वस्थ बसणे पत्करले नाही. १९४१ साली अखिल भारतीय कारखानदारांची संघटना स्थापन करून तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. वालचंदांनीही आशा सोडली नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदली गेली, मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला, आणि १९४७ साली तेथून डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ सालीच निघाली होती. आरंभी कुर्ल्यालाही बहुतांश जुळणीच होती. पण उद्देश जुळणीपाशी थांबण्याचा नव्हता. १९५३ साली जकात आयोगाने शिफारस केली की, ज्या कंपन्यांपाशी सुटे भाग क्रमाक्रमाने येथेच तयार करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांना येथे केवळ जुळणी करू देऊ नये. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. विश्वेश्वरय्यांनी मागितलेला सरकारी आधार स्वराज्यात मिळाला. वालचंदांच्या वाट्याला मात्र हा दिवस पाहणे आले नाही. ते १९४९ साली अर्धांगवायूने आजारी पडले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले.

आता भिलाईकडे वळू. दल्ली-राजहरा टेकड्यांत उत्तम लोहखनिज आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ सालीच नमूद केले होते. नागपूरच्या अजबखान्यातील एका भूस्तर-नकाशावर त्याची खूण पाहून दोराबजी टाटा आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनी या टेकड्या पायांखाली घातल्या. खनिज विपुल होते. परंतु जवळपास योग्य कोळसा नव्हता. टाटांनी शेवटी साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, कारखाना काढला, आणि राजहऱ्याचे खनिज अर्धे शतक डोंगरातच राहिले. ही अडचण निसर्गाने घातलेली होती आणि खाजगी भांडवलाचा हिशोब पाहता टाटांचा निर्णय चूक म्हणता येत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट रशियाशी भिलाईचा करार झाला, तेव्हा कोळसा काही जवळ आलेला नव्हता; तो दूर झरियाकडूनच आणावयाचा होता. बदलले होते ते ठरविणारे हात. दहा लाख टन पोलादाच्या त्या पहिल्या आराखड्याला वरकस, मागास म्हणून गणलेल्या मुलखात उद्योग नेण्याचे मोल द्यावयाचे सरकारने ठरविले, आणि निसर्गाचा अडसर ओलांडता आला. योगायोग असा की त्याच १९५५ साली विश्वेश्वरय्यांना ‘भारतरत्न’ हा किताब अर्पण करण्यात आला.

भिलाईच्या पोलादाने मोटारी झाल्या, असे म्हणणे मात्र यथार्थ होणार नाही. भिलाईची ख्याती रेल्वेच्या रुळांबद्दल आणि बांधकामाच्या तुळ्यांबद्दल. गाडीच्या अंगाला लागतो तसला पत्रा काढण्याचे काम तिच्याबरोबरच उभ्या राहिलेल्या रुरकेलाकडे सोपविले होते. पण देशात पोलाद आधी हवे, की त्याचा गिऱ्हाईक आधी हवा, या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर या दोन्ही ठिकाणी मिळाले. दोन्ही कामे एकाच वेळी हाती घ्यावी लागतात. एक दुसऱ्याची वाट पाहत बसले की दोन्ही राहतात. कुर्ल्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या आसमंतात पुढे जी लहानमोठी कारखानदारी वाढली, तिने विश्वेश्वरय्यांचे अनुमान खरे ठरविले. १९६१ साली पुण्यात स्थापन झालेली भारत फोर्ज ही घडीव भागांची कंपनी मोटारीच्या धंद्यावरच वाढली आणि कालांतराने परदेशांतील गाड्यांचे भाग घडवू लागली. १९३६ साली जो धंदा अस्तित्वात नाही म्हणून आक्षेप घेतला जाई, तो गिऱ्हाईकापाठोपाठ असा उभा राहिला.

तथापि इतिहास लिहिताना नाण्याची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. विश्वेश्वरय्यांना आधार हवा होता तो मुदतीचा, धंदा पायांवर उभा राहीपर्यंतचा. प्रत्यक्षात तो आधार तीस वर्षे टिकला आणि त्याचे कुंपण झाले. किती गाड्या काढावयाच्या, कोणी काढावयाच्या, हे परवान्यांवर ठरू लागले. ग्राहकाने आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी आणि मिळेल ती जुन्या घाटाची गाडी डोळे मिटून घ्यावी, अशी स्थिती आली. १९८३ साली मारुतीची गाडी बाजारात आली तेव्हा कुठे हे साचलेले पाणी हलले. एकेकाळी परके सरकार धंदा उभा राहू देईना. नंतर आपले सरकार त्याला स्पर्धेचा वारा लागू देईना. निर्णयाची सत्ता आपल्या हाती असणे आवश्यक होते. परंतु ती हाती आल्यावर मुदत पाळण्याची शिस्त तितकीच आवश्यक होती. खडकवासल्याच्या दारांची खुबी हीच होती की ती वेळ येताच आपोआप उघडत.

विश्वेश्वरय्या १९६२ साली, शंभर वर्षांचे आयुष्य पुरे करून निवर्तले. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट गाडी, जी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली, मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन घरोघरीच्या माणसांना परिचित झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची मुदत संपली. भिलाई १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड राज्यात आहे आणि तेथे रूळ आजही निघतात. मोटारीच्या कोणत्याही भागावर विश्वेश्वरय्यांचे नाव नाही. ज्यांना आपल्या आराखड्याप्रमाणे कारखाना उभारण्याची संधी मिळाली नाही, अशा इंजिनियरांची चरित्रे सहसा लिहिली जात नाहीत. पण सत्तरी उलटल्यावर नव्या विद्येचा अभ्यास करून, आकड्यांनिशी योजना मांडून, नकारामागून नकार येत असता ती दहा वर्षे लावून धरणे, हेही इंजिनियराच्या कामात मोडते. पुढे हिंदुस्थानात मोटारी झाल्या, त्या कामाच्या हिशोबात ही दहा वर्षे जमेच्या बाजूस धरली पाहिजेत.